शहरी मॅरेथॉनची मराठी कुळकथा

दरवर्षी ठरलेल्या रविवारी शहराचे मुख्य रस्ते वाहनांसाठी बंद करायचे आणि त्यांवरून हजारो नागरिकांनी ४२.१९५ किलोमीटर धावायचे, ही शहरी मॅरेथॉनची प्रथा पुण्यात १९८३ साली आणि मुंबईत २००४ साली सुरू झाली. त्यामुळे ती परदेशातून अलीकडे आलेली नागर हौस आहे, असा समज रूढ आहे. शर्यतीच्या आजच्या सार्वजनिक रूपापुरता हा समज खरा असला, तरी मराठी मुलखाचे मॅरेथॉनशी असलेले नाते त्याहून सहा दशकांनी जुने आहे आणि ते शेतात राबणाऱ्या अनवाणी तरुणांनी जोडलेले आहे.

मॅरेथॉनच्या रणांगणावरून अथेन्सपर्यंत विजयाची वार्ता घेऊन धावलेल्या ग्रीक दूताची दंतकथा प्राचीन असली, तरी या नावाची शर्यत मात्र आधुनिक काळातील निर्मिती आहे. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांच्या सूचनेवरून १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ती प्रथम भरवली गेली आणि स्पिरिडॉन लुईस या ग्रीक धावपटूने सुमारे ४० किलोमीटरचे ते अंतर ३ तासांच्या आत कापून ती जिंकली. पुढे बराच काळ अंतर निश्चित नव्हते. १९१२ साली स्टॉकहोममध्ये ते ४०.२ किलोमीटर होते, तर १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे ४२.७५ किलोमीटर. आजचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधील मार्गाचे असून, १९२१ साली आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने ते प्रमाण म्हणून स्वीकारले.

हे अंतर पक्के होण्यापूर्वीच मॅरेथॉन पुण्याला पोहोचली होती. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी १९१९ च्या सुमारास संस्थेच्या क्रीडास्पर्धा पाहिल्या आणि त्यांची हकीकत पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना पत्राने कळवली. मैदान लहान व खडबडीत होते, आयोजकांना युरोपीय नियमांची पुरेशी माहिती नव्हती आणि स्पर्धकांना शास्त्रशुद्ध सराव कसा तो ठाऊक नव्हता. मात्र लोकांना सर्वांत प्रिय असलेली शर्यत सुमारे २५ मैलांची, म्हणजे ४० किलोमीटरची होती आणि तिलाच तेथे मॅरेथॉन म्हणत. साध्या अन्नावर वाढलेली कुणब्यांची मुले कठीण खडीच्या रस्त्यावरून अनवाणी धावत आली आणि शेवटच्या फेऱ्यांमध्येही ती इतक्या सहजपणे पळत होती की, योग्य शिक्षण मिळाल्यास हे धावपटू युरोपीयांच्या बरोबरीला येतील, अशी दोराबजींची खात्री पटली. भारताचा संघ ऑलिंपिकला पाठवण्याच्या खटपटीचे मूळ या शर्यतीत आहे.

त्या खटपटीतून १९२० साली जो लहानसा संघ अँटवर्पला गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे दोघे मॅरेथॉनसाठी निवडलेले होते. चौगुले यांनी ४२.७५ किलोमीटरचे अंतर २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून १९ वा क्रमांक मिळवला. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला त्यांना सरासरी ४ मिनिटे लागली. फिनलंडचा विजेता हानेस कोलेहमाइनेन त्यांच्या सुमारे १८ मिनिटे आधी पोहोचला होता. परंतु ज्या देशात धावण्याच्या प्रशिक्षणाची कोणतीही व्यवस्था नव्हती, त्या देशातून जाऊन पहिल्याच प्रयत्नात जगातील पहिल्या २० धावपटूंत येणे, ही भारतीय क्रीडेतिहासात ठळकपणे नोंदवावी अशी कामगिरी आहे.

या काळातील मॅरेथॉन निवडक पुरुषांची स्पर्धा होती. ती सर्वांसाठी खुली झाली १९७० नंतर. न्यूयॉर्कची शर्यत १९७० साली एका उद्यानात सुरू झाली आणि १९७६ साली शहराच्या पाचही विभागांतून जाऊ लागली. तिच्या यशानंतर उत्तर युरोपच्या राजधान्यांनी हा नमुना उचलला. स्टॉकहोममध्ये १९७९, कोपनहेगनमध्ये १९८० आणि हेलसिंकीत १९८१ साली अशा शर्यती सुरू झाल्या, आणि स्टॉकहोमची शर्यत तर १९१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या क्रीडागारातच संपते. याच लाटेत पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनचा जन्म झाला आणि स्त्रियांनाही या अंतराची दारे उघडली. ऑलिंपिकमध्ये मात्र स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ सालापासूनच आहे.

येथे रुजताना प्रथेने स्थानिक हवामानाशी जुळवून घेतले. दीर्घ धावण्यात स्नायूंमुळे शरीरात प्रचंड उष्णता निर्माण होते आणि हवा दमट असेल तर घाम वाळत नसल्याने ती बाहेर पडत नाही. त्यामुळे उत्तर युरोपच्या राजधान्या उन्हाळ्यात शर्यत भरवू शकत असल्या, तरी येथे ते शक्य नाही. पुण्याने डिसेंबर आणि मुंबईने जानेवारी निवडला, आणि मुंबईत धावपटू सूर्योदयापूर्वीच मार्गस्थ होतात. मार्गाची मोजणी मात्र सर्वत्र एकाच पद्धतीने होते: चाकाचे फेरे मोजणारे यंत्र बसवलेली सायकल धावपटूला शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या रेषेवरून चालवली जाते आणि अंतर कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरमागे १ मीटर जास्त धरला जातो.

शर्यत शहरात आली, तरी तिचे बळ अजूनही खेड्यांतून येते. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावर वाढलेल्या कविता राऊत २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये धावल्या. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१२ पासून सलग ३ वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत पहिला क्रमांक मिळवला आणि रिओत ३,००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे व पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली. हे नाते लक्षात घेतले, तर भंडारा जिल्ह्यातील सानगडीसारखे कोणतेही गाव या इतिहासाच्या परिघावर ठेवता येत नाही. दोराबजींना जे दिसले ते ग्रामीण तरुणांचे सामर्थ्य होते आणि त्यांना जे हवे होते ते शिक्षण; अचूक मोजलेला मार्ग, हिवाळ्यातील पहाटेची वेळ, वाटेत पाणी आणि जाणता मार्गदर्शक एवढी व्यवस्था तालुक्याच्या पातळीवर उभी करणे, हे १९१९ साली सुरू झालेल्या कामाचे आजवर अपुरे राहिलेले अंग आहे.