किल्ट होज (हातविणीचे)

किल्ट होज : स्कॉटलंडच्या हायलंड भागातील पुरुषी पोशाखात किल्टखाली (गुडघ्यापर्यंतच्या चुणीदार घेराच्या वस्त्राखाली) घालायचे लांब लोकरी पायमोजे. मोज्याचा काठ गुडघ्याच्या वाटीखाली तीन-चार बोटांवर येतो. वरची रुंद पट्टी बाहेरच्या बाजूला दुमडलेली असते. दुमडीच्या आत गार्टर (मोजा वर धरणारा बंद) बांधतात. त्याला लावलेल्या रंगीत फिती दुमडीखालून दिसतात. उजव्या मोज्यात ‘स्गियन डू’ ही आखूड सुरी खोचण्याची पद्धत आहे. या नोंदीत घरी कातलेल्या सुतापासून सुयांवर विणलेल्या नक्षीदार मोज्यांचा विचार प्रामुख्याने केला आहे.

पूर्वपीठिका : जुने होज सुयांवर विणत नसत, ते कापडातून बेतून शिवत. टार्टन (रंगीत चौकड्यांचे) कापड उरेब (तिरपे) कापले की त्याला ताण येतो आणि ते पोटरीला चापून बसते. शिवण मागच्या बाजूला येई. उरेब बेतल्यामुळे कापडावरचा चौकडा पायावर शंकरपाळी होऊन उतरत असे. स्कॉटलंडच्या राजकोषाच्या हिशोबात १५३८ साली पाचवा जेम्स याच्या होजसाठी ‘हायलंड टार्टन’ तीन एल (कापडाचे जुने माप) घेतल्याची नोंद आहे. दर एलला ४ शिलिंग ४ पेन्स, एकूण १३ शिलिंग. हे कापड आजच्या अर्थाने मोज्यांसाठी होते की कमरेपर्यंतच्या तंग विजारीसाठी, यावर अभ्यासकांत दुमत आहे. एडमंड बर्ट यांच्या १७५४ मध्ये छापलेल्या पत्रांत हायलंडरचे मोजे आखूड, पोटरीच्या भरदार भागापर्यंतच पोहोचणारे, असे वर्णन येते.

पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने झालेल्या जॅकोबाइट बंडानंतरच्या कायद्याने १ ऑगस्ट १७४७ पासून लष्कराबाहेरच्या पुरुषांना हायलंड पोशाखाची बंदी झाली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे हद्दपारी. बंदी १७८२ मध्ये उठली. पुढे १८२२ साली ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला आणि याच पोशाखाला दरबारी प्रतिष्ठा मिळाली. शिवलेल्या होजची जागा विणलेल्या मोज्यांनी नेमकी कधी घेतली याविषयी एकमत नाही. विणणाऱ्यांनी कापडाची शंकरपाळी मात्र सोडली नाही. तिरप्या कापडामुळे ओघाने आलेली नक्षी त्यांनी मुद्दाम, रंगागणिक वेगळी गुंडी लावून सुयांवर उतरवली. कापडात तांबडा व पांढरा धागा एकमेकांवरून जातो तिथे मिश्र छटा येते. तीही काही नमुन्यांत दोन रंगांचे पदर एकत्र पिळून साधलेली आढळते. अशी नक्षी गोल विणता येत नाही, कारण फेरी पुरी झाली की धागा रंगाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. म्हणून हे मोजे दोन सुयांवर सपाट विणून मागे शिवतात, म्हणजे जुन्या शिवणीच्याच जागी.

ॲबर्डीनचा व्यापार : टॉमस पेनंट यांच्या १७६९ च्या दौऱ्याच्या वृत्तांतात ॲबर्डीन परगण्यातील मोज्यांच्या धंद्याचे आकडे सापडतात. हे मोजे साधे व निर्यातीचे होते, किल्टशी त्यांचा संबंध नाही. तरी हातविणीच्या अर्थकारणाचा इतका नेटका हिशोब दुसरीकडे सहसा मिळत नाही. वर्षाला ६९,३३३ डझन जोड; डझनाची सरासरी किंमत ३० शिलिंग. त्यातले कातणाऱ्याला ४ शिलिंग, विणणाऱ्याला १४. उरलेल्या १२ शिलिंगांत लोकर, तेल आणि व्यापाऱ्याचा नफा. म्हणजे एका जोडामागे कातणीला चार पेन्स पडत. सूत जमले नाही तर मोजा जमत नाही, हे ज्याने चाती किंवा चरखा हातात धरला त्याला सांगावे लागत नाही. तरीही कातणीची मजुरी विणणीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी होती. नंतरच्या नमुनापुस्तकांतही हेच प्रमाण दिसते : नक्षीला पानेच्या पाने आणि सुताला एक ओळ.

दक्षिण स्कॉटलंडमधील हॉविक येथे १७७१ मध्ये जॉन हार्डी यांनी मोजे विणण्याची यंत्रे आणली. पुढे स्वस्त माल यंत्राकडे गेला.

लोकर व सूत : चेव्हियट, शेटलंड, हेब्रिडीयन व लेस्टर या जातींची लोकर वापरात आहे. ब्लॅकफेस मेंढीची लोकर राठ असते. ती गालिच्याला उत्तम, मोज्याला सोसेल तेवढीच. शेटलंडची तांबूस तपकिरी आणि हेब्रिडीयनची काळी लोकर न रंगवताच दोन-तीन छटा देते.

सुताचे दोन मार्ग आहेत. लोकर पिंजून पेळू करून कातली तर तंतू आडवेतिडवे राहतात, सूत हलके व केसाळ होते. विंचरून सरळ केलेल्या तंतूंचे सूत गुळगुळीत, जड आणि टिकाऊ येते. वेण्या, टपोरे दाणे, उलट-सुलट टाक्यांच्या उठावदार रेघा यांना विंचरलेले सूत हवे. पिंजलेल्या सुतात त्या विरघळून जातात. दोन रंगांच्या पट्टीला उलट केसाळ सूत बरे, कारण शेजारचे टाके एकमेकांना धरून राहतात व रंगांच्या सीमेवर फट पडत नाही. एकाच मोज्यात पट्टीला एक व पायाला दुसरे सूत वापरणारे कारागीर आहेत. प्रस्तुत नोंदकाराच्या मते हीच पद्धत योग्य.

पदर तीन असावेत. दुपदरी सूत चपटे बसते, तिपदरी गोल होते आणि वेणी वर उठते. एकेरी धाग्याला पीळ घरगुती स्वेटरच्या सुताहून जास्त द्यावा लागतो, नाहीतर टाच पहिल्याच हिवाळ्यात विरते. हातसूत नकळत जाड-बारीक होत जाते. पहिल्या आठवड्यातली लडी आणि शेवटची लडी शेजारी ठेवली की ते कळते. त्यामुळे एका जोडाला लागणारे सगळे सूत, साधारण ३०० ते ४०० ग्रॅम, आधी कातून, धुऊन, वाळवून ठेवतात आणि दोन्ही पायांना लड्या आलटून-पालटून वापरतात. एकेक मोजा एकेका लडीने विणला तर डावा पाय उजव्याहून ढिला निघतो. नमुन्याचा तुकडा धुतल्याशिवाय मोजू नये.

रचना : सुरुवात दुमडपट्टीपासून. पट्टी पुरी झाली की विणकाम आतले बाहेर उलटतात आणि विरुद्ध दिशेने पाय विणू लागतात. असे केले तरच दुमडल्यावर नक्षीची सुलट बाजू वर येते. दोन रंगांच्या पट्टीमागे मोकळे धागे पळतात. ते दुमडीच्या आत लपतात, पण पट्टीचा ताण मारतात. पट्टी पोटरीच्या सर्वांत रुंद भागावरून चढवायची असते, म्हणून तिला टाके जास्त किंवा सुई एक क्रमांक जाड घेतात. पट्टी तंग ठेवण्याच्या एका चुकीमुळे कित्येक देखणे जोड पेटीत पडून राहतात.

पायाचा हिशोब असा : १० सेंमी.मध्ये २८ टाके व ४० फेऱ्या बसत असतील आणि पोटरी ३८ सेंमी. असेल तर सुमारे १०६ टाके होतात. मोजा चापून बसावा म्हणून दहावा हिस्सा वजा करून ९६ घेतात. घोट्यावर २३ सेंमी.ला त्याच प्रमाणात ५८, नक्षी जुळावी म्हणून ६०. म्हणजे ३६ टाके घटवायचे. मागच्या मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक घट धरली तर अठरा वेळा. पोटरीपासून घोट्यापर्यंत १८ सेंमी. अंतरात ७२ फेऱ्या, तेव्हा दर चौथ्या फेरीला घट. घट मागेच ठेवल्याने समोरची नक्षी अखंड राहते. मागे वेणी किंवा दाण्यांचा पट्टा असेल तर घट त्याच्या कडेला खपून जाते आणि पट्टा घोट्याकडे निमुळता होत गेलेला दिसतो. चांगला विणणारा येथे ओळखू येतो, दुमडपट्टीत नव्हे.

नमुने : लेडी गेनफर्ड यांचे किल्ट होज व निकरबॉकर मोज्यांच्या नमुन्यांचे पुस्तक १९७८ मध्ये निघाले, आजच्या अनेक हातविणी पट्ट्यांचा माग तिथवर जातो. प्रत्येक हायलंड कुळाचा (क्लॅनचा) वेगळा होज असतो, हे मत विक्रेत्यांत अधिक प्रचलित आहे.

लष्करी होज : सीफोर्थ व आर्गाइल पलटणींचे तांबडे-पांढरे, ब्लॅक वॉचचे तांबडे-काळे, कॅमरनचे तांबडे-हिरवे असत.

साधने : लोखंडी सुया चार किंवा पाच, दोन्ही टोकांना अणकुचीदार. शेटलंडमध्ये कमरेला चामडी पट्टा बांधतात. त्यावर घोड्याचे केस भरलेली, भोके पाडलेली गादी असते. सुईचे एक टोक त्या भोकात रोवले की उजव्या हाताला सुईचा भार पेलावा लागत नाही, आणि पाठीवर ओझे घेऊन चालतानाही विणता येते.

दुरुस्ती : मोजा वरून खाली विणण्याचा खरा फायदा तळपाय झिजल्यावर कळतो. घोट्याखालचा भाग उसवून, टाके पुन्हा सुयांवर घेऊन नवी टाच व नवा तळपाय विणता येतो. नक्षीचा पाय तसाच राहतो. यासाठी कातणारे मूळ जोडाबरोबरच त्याच लोकरीची एक जादा लडी कातून ठेवतात.