कोळंबीची दुसरी कथा

‘चेम्मीन’ या मल्याळम शब्दाचा अर्थ कोळंबी. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची त्या नावाची कादंबरी १९५६ साली प्रसिद्ध झाली. प्रेम, जात आणि समुद्राविषयीची श्रद्धा यांची कथा म्हणून आपण ती वाचत आलो. त्याच काळात केरळच्या किनाऱ्यावर कोळंबीची दुसरी कथाही आकार घेत होती. ती आपल्याला संशोधकांच्या लेखनात शोधावी लागते.

१९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला आणि कोल्लमजवळ नीण्डकरा परिसरात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला. मच्छीमारांचे जीवनमान उंचावणे हा त्याचा हेतू. यांत्रिक होड्या, बर्फ, आरोग्यकेंद्र, पिण्याचे पाणी अशी त्याची अंगे होती. पुढे परदेशी बाजारात कोळंबीला भाव आला आणि समुद्रतळ खरवडणारे ट्रॉलर वाढले. त्यांतील अनेकांचे मालक पिढीजात मच्छीमार नव्हते.

१९५४ साली अर्थशास्त्रज्ञ स्कॉट गॉर्डन यांनी दाखवून दिले होते, की जो समुद्र सर्वांना खुला असतो तेथे नफा उरेनासा होईपर्यंत होड्या वाढत जातात. सिद्धान्त मोलाचा, पण त्यातील मच्छीमाराला चेहरा नाही. वल्ह्याची होडी आणि ट्रॉलर एकाच समुद्रात उतरले, तरी ते समान नसतात. आर्ने मार्टिन क्लाउसेन यांनी १९६८ साली या प्रकल्पाचा मानवशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. नंतर जॉन कुरियन यांनी नेमका प्रश्न विचारला: उत्पन्न वाढले, पण कोणाचे?

सत्तरच्या दशकात पारंपरिक मच्छीमार आणि ट्रॉलरमालक यांच्यातील संघर्ष पेटला. १९८० साली कायदा झाला, समित्या नेमल्या गेल्या आणि १९८८ साली पावसाळी ट्रॉलबंदी आली. वाद केवळ माशांच्या संख्येचा नव्हता. कोणाचा अनुभव पुरावा म्हणून मान्य व्हावा, हाही त्यात प्रश्न होता. १९९० साली एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी तुर्कस्तानातील अलान्या येथील मच्छीमारांचे उदाहरण दिले. तेथे मासेमारीच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटून घेतल्या जात. अनुभवातून नियम जन्मतात, हे त्यावरून दिसते.

आपल्या कोकणात नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून होड्या पुन्हा समुद्रात जातात. या प्रथेकडे पाहून पूर्वजांच्या पर्यावरणभानाचा गौरव करण्याचा मोह आपल्याला होतो. तो आवरावा. शिडाच्या होडीला खवळलेला समुद्रच रोखून धरत होता. प्रथेने त्या सक्तीला अर्थ दिला. यंत्राने ती सक्ती सैल केली, तेव्हा समुद्राचे काम कायद्याकडे आले. समुद्र सर्वांना सारखाच अडवी. कायद्याची बंदी सर्वांना सारखी असली, तरी तिचा भार सारखा नसतो. त्या भाराची मोजदाद माशांच्या मोजदादीइतकीच निकडीची आहे.