एका बाइटची गोष्ट

आमच्या बोरिवलीच्या घरी माळ्यावर बाबांच्या कॅसेटचा एक खोका आहे. गेल्या पावसाळ्यात तो खाली काढला. गाणी एकेक करून लॅपटॉपवर घेतली आणि बाबांच्या फोनमध्ये भरली. फोनने प्रत्येक गाण्याखाली एकच नाव दाखवलं: 'अननोन आर्टिस्ट'. बाबा म्हणाले, "अरे, अननोन काय? कव्हरवर सगळं लिहिलंय की!"

खरंच लिहिलं होतं. कॅसेटच्या डबीतला तो घडीचा कागद म्हणजे अनुक्रमणिकाच. बाजू अ, बाजू ब, गाण्याचे शब्द आणि शेजारी बारीक अक्षरांत गीत, संगीत, स्वर. ही सवय आपल्याला जुनी आहे. का. र. मित्रांनी १९०९मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. आजही दिवाळी अंक हातात आला की आपण आधी अनुक्रमणिका उघडतो आणि कोणी कोणी लिहिलंय ते बघतो. मुखपृष्ठ कोणाचं, सजावट कोणाची, हेही तिथेच कळतं.

गाण्यांच्या वाट्याला असं पान सहज आलं नाही. १९०२मध्ये फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करायला आला, तेव्हा तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना लेबलवर कोणाचं नाव घालायचं ते कळावं, म्हणून गौहर जान गाणं संपताच स्वतःचं नाव मोठ्याने सांगायची. श्रेयनामावली गाण्याच्या आतच होती म्हणा ना!

पुढे सिनेमा आला आणि हे नाव पुन्हा हरवलं. १९४९चा 'महल' बॉम्बे टॉकीजचा. त्यांचा स्टुडिओ मालाडला, आमच्या घरापासून लोकलने काही स्टेशनांवर. 'आयेगा आनेवाला' या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. ही कामिनी म्हणजे मधुबालाने केलेली भूमिका. गाणं रेडिओवर गाजलं आणि ही गाते कोण, असं विचारणारी पत्रं येऊ लागली. मग रेडिओने रेकॉर्ड कंपनीकडे चौकशी केली आणि लता मंगेशकर हे नाव लोकांना कळलं.

रेडिओने पुढे ही रीतच पाडली. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू झाली. गाण्याआधी चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार अशी सगळी नावं घेणारा तो आवाज आपल्या आजी-आजोबांना पाठ असतो. ही नावं ऐकूनच लोकांना गीतकार ओळखीचे झाले. आज विविध भारतीचं कार्यालय बोरिवलीत गोराई रोडवर आहे, आणि मी रोज त्याच परिसरातून कानात हेडफोन घालून जातो. माझ्या स्क्रीनवर मात्र दोनच ओळी असतात, गाणं आणि आर्टिस्ट.

या दोन ओळी आल्या कुठून? एमपी३ फाइलमध्ये सुरुवातीला नाव लिहायला जागाच नव्हती. १९९६मध्ये एरिक केम्प नावाच्या प्रोग्रामरने फाइलच्या शेपटीला १२८ बाइटचा एक तुकडा जोडला. त्याला आयडी३ म्हणतात. ३ बाइट खुणेचे, ३० गाण्याच्या नावाला, ३० आर्टिस्टला, ३० अल्बमला, ४ वर्षाला, ३० शेऱ्याला आणि १ प्रकाराला. हिशेब चोख. पण यात गीतकार आणि संगीतकार यांच्यासाठी रकानाच नाही.

आता गंमत बघा. आज सर्रास वापरात असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि काना, मात्रा, अनुस्वार ही वेगळी चिन्हं धरली जातात. 'लता मंगेशकर' लिहून मोजा. चिन्हं १०, म्हणजे ३० बाइट. मधल्या मोकळ्या जागेचा १. एकूण ३१! रकाना ३०चा. शेवटचा 'र' तुटतो. इंग्रजीत हेच नाव १५ बाइटमध्ये आरामात बसतं.

यात केम्पचा दोष नाही. त्याच्यासमोर त्याची गाणी होती. १९९८मध्ये आयडी३ची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात संगीतकार आणि गीतकार दोघांनाही रकाने मिळाले आणि देवनागरीलाही जागा झाली. तरीही बऱ्याच फाइलींमध्ये हे रकाने रिकामेच असतात आणि भरले तरी फोन ते समोर आणत नाही.

हे फक्त मानाचं प्रकरण नाही. २०१२मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने पक्का झाला. पण गाणं कुठे किती वाजलं हे आता कॉम्प्युटर मोजतो. नोंदीत नावच नसेल, तर पैसे कोणाला द्यायचे हे त्याने कसं ओळखायचं?

त्या रविवारी मी आणि बाबा रकाने भरायला बसलो. ते कव्हर चष्म्याजवळ धरून वाचायचे, मी टाइप करायचो. तीन तासांत अकरा कॅसेट झाल्या. एका गाण्यात मध्येच तबला असा काही वाजला, की मी हात थांबवून विचारलं, "बाबा, हा कोण?"

त्यांनी कागद उलटून पालटून पाहिला. दोन्ही बाजू पाहिल्या.

"इथे नाही लिहिलेलं," ते म्हणाले.

तो रकाना मी तयार करून ठेवलाय. तबला, आणि पुढे मोकळी जागा.