कावसजीचे नाक आणि हरवलेला स्पर्श

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एका मराठी माणसाचे चित्र छापून आले. नाव कावसजी. इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा हा गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. (नाव पारशी वळणाचे असले, तरी नोंद मराठा शेतकरी अशीच आहे.)

सुमारे वर्षभर तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळच्या, वीटकरी जातीच्या एका कारागिराने त्याला नवे नाक दिले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करून तो कपाळावर सपाट पसरला, कडेने रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवली. भुवयांमधला लहानसा पट्टा मात्र जोडलेलाच ठेवला. कातडी पीळ देऊन खाली आणली व काताच्या लेपाने चिकटवली. सुमारे २५ दिवसांनी तो पट्टा कापला. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातील डॉक्टरांनी ही क्रिया पाहिल्याचे मासिकातील पत्रात नमूद आहे. त्यांची नावे आहेत; कारागिराचे नाही.

नाक पक्के बसते आणि जवळजवळ नैसर्गिक दिसते, असे ते पत्र सांगते. त्यावरूनच लंडनच्या जोसेफ कारपूने १८१४ मध्ये ही शस्त्रक्रिया करून पाहिली.

पण असे नाक जाणवते कसे? पट्टा शाबूत असेतो नाकाला बोट लावले, तर रुग्णाला कपाळालाच स्पर्श झाल्यासारखे वाटते, कारण मज्जातंतू कपाळाचाच असतो. पट्टा तोडला की तोही तुटतो. नाक बधिर होते; आजूबाजूच्या कातडीकडून संवेदना परतते ती हळूहळू आणि अर्धीमुर्धी.

जबड्याच्या शस्त्रक्रियेतही हाच पेच उभा राहिला. १९५७ मध्ये त्राउनर आणि ओब्वेगेझर यांनी खालच्या जबड्याचे हाड मागच्या भागात जाडीतून उभे दुभंगून पुढेमागे सरकवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. वाकडा जबडा सरळ होऊ लागला. मात्र त्याच हाडाच्या बोगद्यातून खालच्या ओठाचा आणि हनुवटीचा संवेदना वाहणारा मज्जातंतू जातो. तो ताणला वा चेपला गेला, की तेवढा भाग बधिर होतो. हालचालीचे तंतू वेगळे असल्याने ओठ नीट हलतात, छायाचित्रात काही खुपत नाही. हनुवटीवर ओघळलेला चहा मात्र कळत नाही. बऱ्याच जणांची संवेदना काही महिन्यांत परतते, काहींची कधीच पूर्ण परतत नाही. म्हणूनच आज शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची संमती घेताना या बधिरपणाची कल्पना दिली जाते.