कॅनरी ते कार्बन नलिका : विषाचा पहारेकरी

आजच्या भागात तोफा नाहीत, रणगाडेही नाहीत. आज बोलायचंय ते डोळ्यांना न दिसणाऱ्या शत्रूबद्दल.

22 एप्रिल 1915. बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी सिलिंडर उघडून क्लोरीन वायू सोडला. चारच दिवसांनी आपली लाहोर डिव्हिजन तिथं हल्ल्यात उतरली आणि तिच्यावरही वायू आला. ओलं फडकं नाकाला लावणं, एवढाच बचाव. त्याच दिवशी जमादार मीर दस्त यांनी गोळीबारात आठ अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी नेण्यास मदत केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.

क्लोरीन निदान दिसतो, त्याचा वास येतो. पुढचा शत्रू त्याहून कपटी होता. 1936 साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशक शोधत होते. हाती लागलं टाबुन. 1938 मध्ये सारिन. रंग नाही, वास जवळजवळ नाहीच. शेतातली ऑरगॅनोफॉस्फेट औषधं याच कुळातली. दोन्ही आपल्या मज्जासंस्थेतलं एकच एन्झाइम बंद पाडतात.

मग सुगावा लावायचा कसा? खाणीत कॅनरी पक्षी नेत. तो कोसळला की माणसांनी बाहेर पळायचं. आम्हाला फौजेत शोधक कागद शिकवला. विषाचा थेंब पडला की त्याचा रंग बदलतो. पण थेंब पडायला हवा. नुसत्या वाफेला तो दाद देत नाही.

वेगळी वाट 1922 मध्ये प्रागच्या हेरॉव्स्कींनी दाखवली : द्रावणातला पदार्थ विजेच्या प्रवाहावरून ओळखायचा. 1959 चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. 1962 मध्ये अमेरिकेत लेलंड क्लार्क यांनी इलेक्ट्रोडला एन्झाइमची जोड दिली. त्यातूनच पुढची युक्ती निघाली. विष ज्या एन्झाइमला मारतं, त्यालाच इलेक्ट्रोडवर पहाऱ्याला बसवायचं. त्याचं काम चालू असेतो वीज वाहते. विष आलं की प्रवाह घटतो. म्हणजे पुन्हा कॅनरीच, फक्त रेणूएवढी!

1991 मध्ये जपानच्या इजिमांच्या निबंधानं कार्बन नॅनोनलिकांकडे जगाचं लक्ष गेलं. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या नलिकांचा थर इलेक्ट्रोडवर दिला की पृष्ठभाग प्रचंड वाढतो, एन्झाइम जास्त बसतं आणि कमी दाबावरही प्रवाह मोजता येतो. त्यामुळे अगदी अल्प विषही पकडता येतं. अडचणीही आहेत. उष्णतेनं एन्झाइम बिघडतं. शिवाय विष आहे एवढं कळतं, नेमकं कोणतं ते सहसा कळत नाही.

रासायनिक अस्त्रांवरचा बंदी करार 1997 मध्ये लागू झाला. भारतानं आपला जाहीर केलेला साठा 2009 मध्ये नष्ट केला. सैनिक म्हणून मला त्याचा अभिमान आहे. पण 1984 च्या डिसेंबरात भोपाळ झोपेत होतं. वेळेवर सावध करणारं कुणी नव्हतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना अनेक शेतकरी, शेतमजूर विषबाधेनं गेले. त्यांच्या अंगावर गणवेश नव्हता, तोंडावर मुखवटा नव्हता.

सरहद्दीवर पहारा असतोच, मंडळी. आता असा स्वस्त, खिशात मावणारा पहारेकरी शेताच्या बांधावर पोहोचायला हवा.

जय हिंद.