ओटीतलं मूल, कडेवरचं मूल

आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटलं असेल. दत्तक मूल, आईबापांची नोकरी आणि मूल सांभाळायला येणारे नातेवाईक, यात इतिहास तो कुठला? आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे साध्या व्यवहारामागची कल्पना आधी तपासायची, ही आमची खोड. तर प्रश्न असा मांडू या: मूल दत्तक घेतं कोण? नवरा-बायको, की सगळं घर?

आधी जुन्या धर्मशास्त्राकडे बघा. मनुस्मृतीत पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांतला ‘दत्तक’ म्हणजे आईबापांनी दिलेला. ‘अपविद्ध’ म्हणजे आईबापांनी टाकलेला आणि दुसऱ्याने उचलून आपला मानलेला. म्हणजे टाकलेल्या मुलासाठी शब्द होता, जागा होती. पुढच्या निबंधकारांनी बाकीचे प्रकार कलियुगात वर्ज्य ठरवले आणि व्यवहारात मुख्यतः औरस व दत्तक हे दोनच उरले. दत्तकाला देणारा हात लागतो, आणि तो आईचा किंवा बापाचाच लागे. मग ज्याला आईबापच नाहीत त्याला ओटीत घालणार कोण? ज्या पोराला घराची सगळ्यांत जास्त गरज, तेच दत्तक जाऊ शकत नव्हतं!

कारण त्या काळी दत्तकाचा हेतू मूल नव्हताच. हेतू होता पिंड, वंश आणि वतन. म्हणून पुतण्याला पहिली पसंती. म्हणूनच भाऊबंदांचा त्यात जीव अडकलेला. आपल्या पश्चिम भारतात विधवेला नवऱ्याची स्पष्ट परवानगी नसतानाही दत्तक घेता येई. तिने मूल ओटीत घेतलं की दिराच्या, पुतण्याच्या तोंडचा घास जाई. मग दावे, फिर्यादी. नातेवाईक इथे मदतनीस नव्हते, प्रतिवादी होते.

नात्याची ही दोन्ही रूपं एकाच घरात बघायची तर पुण्याच्या फुल्यांकडे जावं लागेल. जोतिराव वर्षाचेही झाले नव्हते तेव्हा त्यांची आई गेली. त्यांना वाढवलं ते नात्यातल्या बालविधवा सगुणाबाई क्षीरसागर यांनी. या बाई एका मिशनऱ्याच्या घरी मुलं सांभाळण्याचं काम करीत. म्हणजे बाहेरचं काम आणि पोटचं नसलेलं मूल अशी दुहेरी ओढ त्यांनी दोनशे वर्षांपूर्वी निभावली. पुढे 1863 साली जोतिराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे एका ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा, यशवंत, त्यांनी 1874 साली दत्तक घेतला. त्याला शिकवून डॉक्टर केलं. पण 1890 साली जोतिराव गेले तेव्हा दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हाती धरलं, असं सांगतात. एका नातलग बाईने परक्याचं मूल कडेवर घेतलं. दुसऱ्या नातलगांनी घरात वाढलेला मुलगाही परका ठरवला. दोन्हीकडे नातं होतंच. फरक पडला तो कोणी काय केलं यानं.

आता कायद्याकडे. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलींनाही दत्तक घेता येऊ लागलं. 1962 च्या दुरुस्तीनंतर टाकलेलं, आईबाप ठाऊक नसलेलं मूलही पालकाकरवी देण्याची वाट मोकळी झाली. अपविद्ध पुन्हा घरात आला म्हणा ना! पण हा कायदा हिंदूंपुरता. आपल्या वसईतल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी 1890 चा पालकत्वाचा कायदाच होता. त्यात तुम्ही ‘गार्डियन’ व्हायचं, आईबाप नव्हे. आणि तेही मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. बालन्याय कायद्याने ही भिंत पाडली, आणि कुठल्याही धर्माच्या माणसाला त्या कायद्याखाली दत्तक घेता येतं, हे 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं.

एवढं झाल्यावर मूल घरी येतं. आणि दुसऱ्या दिवशी विरार लोकल असतेच.

1867 साली विरारहून मुंबईला पहिली गाडी सुटली, तेव्हापासून हे गाव मुंबईच्या घड्याळावर चालतं. नालासोपाऱ्याहून चर्चगेटला नोकरी म्हणजे जाऊन-येऊन तीन तास सहज गेले. 2017 च्या दुरुस्तीने दत्तक आईला बारा आठवड्यांची रजा दिली खरी, पण तेव्हा अट होती ती मूल तीन महिन्यांच्या आतलं असण्याची. आता हिशेब करा. आईबापांनी मूल स्वाधीन केलं, तर त्यांना फेरविचारासाठी दोन महिने द्यावे लागतात. टाकलेलं मूल दत्तकासाठी मुक्त ठरवायलाही दोन महिन्यांची मुदत. पुढे जुळणी, कागदपत्रं. मूल घरी येईपर्यंत तीन महिने बहुधा उलटलेलेच! या अटीला 2021 साली सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं ते उगाच नाही. वर्षाचं, दोन वर्षांचं मूल नवीन घरात आलं की त्याला माणसं ओळखायलाच वेळ लागतो. रात्री दचकून उठतं, कोणाकडे जावं हे त्याला कळत नाही. त्या मुलाला कोणी सोबत नको का?

मग सोबत येते ती आजी. वसईच्या वाडीत ती शेजारच्या घरातच असते; विरार पूर्वेच्या फ्लॅटमध्ये ती कोकणातून, खानदेशातून पिशवी घेऊन येते. कधी मावशी, कधी काका. ज्या भाऊबंदांना दत्तकाचं भय वाटे, त्यांच्याच पुढच्या पिढीला आज आपण मूल सांभाळायला बोलावतो. आम्हाला हा गेल्या शतकातला मोठा पालट वाटतो, आणि त्याची नोंद कुठे म्हणून होत नाही. नाही म्हणायला, दत्तकापूर्वी समाजसेविका घरी येऊन जो अहवाल करते त्यात नातेवाइकांना हे पसंत आहे का, दोघं कामावर गेल्यावर मूल कोण बघणार, हे विचारलं जातं. तेवढ्यापुरता कायदा आजीला ओळखतो.

आमचं म्हणणं एवढंच. आजीला गृहीत धरू नका. ती येते तेव्हा तिची शेती थांबते, गुडघे दुखतात, गावात चार जण ‘कोणाचं गं हे पोर?’ विचारतात, त्याचं उत्तर तीच देते. म्हणून बाप लोकांनीही रजा मागावी. पन्नास माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावं असं 2017 च्या दुरुस्तीनेच सांगितलं. ते कुठे आहे, हे साहेबांना विचारावं. आणि आजीलाही रविवारी सुट्टी द्यावी.

राहिला पहिला प्रश्न. कागदावर मूल दोघंच घेतात, कारण जबाबदारी कोणाची हे ठरलेलं हवं. पण ते घरातलं होतं ते रोज कोणीतरी त्याला भरवल्यामुळे, निजवल्यामुळे. सगुणाबाईंनी हे कुठला कायदा वाचून केलं नव्हतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.