आयरिसच्या ताटव्यातील तणनियंत्रण

आयरिस या प्रजातीत सुमारे ३०० जाती असून समशीतोष्ण प्रदेशांतील बागांत त्यांपैकी दाढीदार आयरिस हा गट विशेष लोकप्रिय आहे. खालच्या पाकळ्यांवरील केसाळ पट्ट्यामुळे त्यास हे नाव मिळाले. भारतात आयरिस मुख्यतः काश्मीर व हिमालयाच्या थंड भागात आढळते. महाराष्ट्राच्या दमट पावसाळ्यात दाढीदार गट सहसा तग धरत नाही. प्रस्तुत लेखातील विवेचन प्रामुख्याने याच गटाविषयी आहे.

अडचणीचे स्वरूप

दाढीदार आयरिसचे मूलक्षोड, म्हणजे आडवे वाढणारे मांसल खोड, खोल पुरत नाहीत. त्याची पाठ मातीच्या पातळीवर, बहुधा उघडीच ठेवतात. त्यास ऊन लागावे आणि पावसानंतर ते लवकर कोरडे व्हावे, हा त्यामागील हेतू असतो. तलवारीसारखी उभी पाने जमिनीवर सावली धरीत नाहीत. साहजिकच दोन झाडांमधील मोकळ्या, उजेडाच्या जागेत तणांचे बी सहज रुजते. इतर फुलझाडांत यावर आच्छादनाचा उपाय करतात. येथे मात्र तोच अपायकारक ठरतो, कारण पालापाचोळ्याखाली ओल टिकून मूलक्षोडास जिवाणुजन्य मऊ कूज लागते. कुजलेला भाग लिबलिबीत होतो व त्यास दुर्गंधी येते.

तणांचे प्रकार

वर्षायू तणे कोवळी असतानाच उपटल्यास फारसा उपद्रव देत नाहीत. हरळी, लव्हाळा व चांदवेल यांसारखी बहुवर्षायू तणे मात्र चिवट असतात. हरळीचे धुमारे मूलक्षोडांच्या फटींत शिरतात आणि वरून ओढल्यास मागे राहिलेला तुकडा पुन्हा फुटतो.

आयरिसची स्वतःची रोपेही येथे तणच मानावी लागतात. संकरित वाणाच्या बियांपासून मूळ वाणासारखे झाड येत नाही. शेंगा झाडावरच पिकून फुटल्या, तर खाली पडलेले बी रुजते आणि काही वर्षांत जोमदार रोपे मूळ वाणास दडपून टाकतात. मालकास वाणाचे फूल रंग बदलू लागले असे वाटते. वस्तुतः झाडच बदललेले असते. म्हणून फुले सुकताच दांडे कापणे हा तणनियंत्रणाचाच भाग होय.

खुरपणी व तणनाशके

जमीन वाफशावर असताना हाताने तण उपटणे सर्वांत सुरक्षित असते. खुरपे वापरल्यास वरचा २–३ सेंमी थरच हलवावा. अन्नशोषक मुळे उथळ असतात, शिवाय मूलक्षोडास झालेल्या जखमेतून कूज शिरते. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात आयरिसचा खोडकिडा जुन्या पानांवर अंडी घालतो. त्यामुळे तेथे हिवाळ्यापूर्वी तणांबरोबर वाळलेली पानेही गोळा करून नष्ट करतात.

ग्लायफोसेट आयरिसच्या पानांवर पडल्यास झाड दगावू शकते. फ्लुअ‍ॅझिफॉप व सेथॉक्सिडिम ही तणनाशके केवळ गवतकुळावर परिणाम करतात. आयरिस एकदल असले तरी गवतकुळातील नसल्याने बचावते. परंतु त्याच कारणाने लव्हाळाही बचावतो. ट्रायफ्लुरॅलिन बी रुजताना काम करते, उगवलेल्या तणावर त्याचा उपयोग नाही. कोणतेही औषध वापरण्यापूर्वी वेष्टनावर आयरिसचा उल्लेख आहे का, हे पाहणे आवश्यक ठरते.

विभाजन

गड्ड्याच्या आत शिरलेली हरळी काढण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे संपूर्ण गड्डा उपटणे. दर तीन-चार वर्षांनी, फुलोरा संपल्यावर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात विभाजन करावेच लागते. तीच संधी साधावी. माती झटकून मूलक्षोड धुतल्यास तणाचा प्रत्येक धागा दिसतो. जुने पोकळ भाग टाकून देतात, पाने सुमारे १५ सेंमीवर छाटतात आणि जमीन खणून तणमुक्त केल्यावरच पुनर्लागवड करतात. घाईने त्याच मातीत लावलेला ताटवा पुढील हंगामात पुन्हा तणाने भरतो.

इतर गट

सायबेरियन व जपानी आयरिस ओलावा मानवणारे असल्याने त्यांना आच्छादन चालते व तणनियंत्रण सोपे जाते. युरोपातील पिवळे पाणआयरिस, आयरिस स्यूडाकोरस, उत्तर अमेरिकेत बागांतून निसटून पाणथळ जागांत पसरले. त्याचे बी पाण्यावर तरंगत दूर जाते. अमेरिकेच्या काही राज्यांत त्याच्या विक्रीस बंदी असून तेथे ते उपद्रवी तणांतच गणले जाते.